‘आजा’ला दिलेले बत्तीस गुण

मिलिंद, मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लेख हवा म्हणून मागे लागले होते. "तुम्हीच लिहा, तुमची एवढी मैत्री," म्हणाले. दिला लिहून. हसतमुख, मदतीला धावणारा, जयंतीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी खुर्च्या मांडायला हजर. त्यात खोटं काहीच नाही. पण तू वाचला असतास तर कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला असतास, "वसू, यात मी कुठे आहे?" म्हणून हे दुसरं लिहितेय. हे अंकात जाणार नाही.

मुद्द्याचं आधी सांगून टाकते, नाहीतर मी पुन्हा टाळेन. तुझ्या बिअरला मी पन्नासपैकी बत्तीस गुण दिले, तेव्हा मला कशाचाच वास येत नव्हता.

इथे सिडनीत, वेस्टमीडच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या नाकातले कोविडचे स्वॅब तपासता तपासता माझंच नाक गेलं. ताप, अंगदुखी, खोकला, हे सगळं तुला फोनवर सांगितलं होतं. तुझी शुभांगी रोज व्हिडिओ कॉल करून ऑक्सिमीटरचा आकडा विचारायची आणि मागून तू ओरडायचास, "तिला म्हणावं, मरू नको, माझी बिअर चाखायची आहे." नाकाचं मात्र मी कोणालाच सांगितलं नाही. मला स्वतःलाही ते उशिराच कळलं. वरणाची फोडणी करपली आणि स्मोक अलार्म वाजला तेव्हा. मग हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. काही नाही. कांदा चिरला, डोळ्यांना पाणी आलं, वास नाही. घरात मी एकटी, त्यामुळे हा तमाशा बघायला कोणी नव्हतं. म्हटलं, येईल आठवड्याभरात.

तुला का नाही सांगितलं? नाक ही माझी एकमेव मिजास होती, म्हणून. बिअर परीक्षकाची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले आणि तू आपटलास. दुसऱ्या खेपेला पास झालास तरी मी तुला वर्षभर "रिपीटर" म्हणत होते. तूही ते ऐकून घ्यायचास, आणि चार लोकांत सांगायचास की, वसूचं नाक म्हणजे काय आहे, बाटली उघडण्याआधी हिला कळतं. असं कौतुक ऐकायची सवय लागली की माणूस कामातून जातो. मी गेले.

आपण भेटलो ते आठवतं का? मी तेव्हा वॉलॉंगॉंगला युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये होते. बोलिंग क्लबाच्या मागच्या खोलीत होमब्रू क्लबाची बैठक असायची, घरी बिअर बनवणाऱ्यांची. वीसेक दाढीवाले गोरे, आणि दारात उभा राहून फोनवर "हो गं, आणतो कोथिंबीर" म्हणणारा एक तू. मला बघून फोनवर हात ठेवलास आणि इंग्रजीत अदबीने सांगितलंस की, योगा क्लास शेजारच्या खोलीत आहे. मी म्हटलं, "योगा तुम्हीच करा, पोट सुटलंय." त्यावर तू इतका हसलास की, शुभांगी पलीकडून काय झालं, काय झालं विचारत राहिली. तिथून पुढे दहा वर्षं तुझं पोट हा आपला राखीव विषय होता.

वास घ्यायला तू मला शिकवलंस, हे मी कोणापुढे कबूल केलं नाही. परीक्षा मी आधी पास झाले, पण अभ्यास तू घेतला होतास. डोळे मिटायला लावायचास आणि तळहातावर काहीतरी चुरडून पुढे करायचास. मिरी. संत्र्याची साल. लवंग. एकदा भर दुपारी गाडीत घातलंस आणि किआमाच्या पुढे कुठल्याशा कुरणापाशी नेलंस, कारण वाळलेल्या गवताचा वास पुस्तकातून कळत नाही. आपण दोघं कुंपणाशी वाकून गवताच्या गठ्ठ्यात नाक खुपसून उभे. तेवढ्यात शेतकरी आपला युट ट्रक घेऊन आला आणि काच खाली करून म्हणाला, "यू राइट, मेट?" तू अगदी शांतपणे सांगितलंस, "नो वरीज, जस्ट स्मेलिंग." तो बराच वेळ आपल्याकडे बघत राहिला आणि मग निघून गेला. स्टील प्लांटातला इंजिनियर आणि लॅबवाली बाई, दोघांनाही रविवारचं दुसरं काही काम नव्हतं. मी इतकी सुखी होते, मिलिंद, आणि मला ते कळतही नव्हतं.

भांडण आपलं एकच होतं आणि ते मिटलं नाही. मी मधले गुण द्यायचे. एखादी बिअर कळली नाही, किंवा बिघडलेली असली तरी बनवणाऱ्याचं मन मोडवत नसलं, की माझी पेन्सिल तिशीच्या थोडी पुढे जाऊन थांबायची. तिसाच्या खाली गेलं की माणूस दुखावतो, चाळिशीच्या वर गेलं की कारण लिहावं लागतं. बत्तीसला कोणी काही विचारत नाही. तुला बत्तीस या आकड्याची चीड होती. सिडनीच्या एका स्पर्धेत एकाच बिअरला तू चोवीस दिलेस आणि मी बत्तीस. नियमाप्रमाणे दोघांचे आकडे जवळ यायला हवेत, म्हणून आपण वीस मिनिटं हमरीतुमरीवर आलो. आयोजक बाई बिचारी दोनदा डोकावून गेली.

तू म्हणालास, "तो माणूस घरी बसून हा कागद वाचणार आहे, बाई. पुढे काय करायचं ते त्याला यातून कळलं पाहिजे. बत्तीसातून काय कळतं? पाहुणे आले, चहा घ्या, निघा."

"लोकांना दुखवून काय मिळतं तुला?"

"तू पुण्याची ना? पुण्याच्या माणसाला नावं ठेवायला कधीपासून जड जायला लागलं?" आणि मग, "काहीच लागलं नाही तर तसं लिही. ‘मला कळलं नाही’ लिहायला एक ओळ लागते."

ती एक ओळ मला लिहिता आली नाही.

आता ‘आजा’चं, त्या बिअरचं. सेझॉन म्हणजे बेल्जियमकडची शेतावरची बिअर. हिवाळ्यात मालकाच्या घरी बनवायची आणि उन्हाळ्यात राबणाऱ्या मजुरांना द्यायची. कोरडी, फसफसणारी, मिरीसारखी चुरचुरणारी. हे तू कुठेतरी वाचलंस आणि तुझ्या डोक्यात घर करून बसलं. तुझ्या गॅरेजमध्ये उलट्या बादल्यांवर बसलो होतो आपण. तू सांगितलंस, "तिकडे मालक जग घेऊन मजुराच्या भांड्यात ओतायचा, वसू. माझा आजा यवतमाळकडे लोकांच्या शेतात राबला. त्याला विहिरीवर ओंजळ धरून उभं राहावं लागायचं. वरून ओतायचे." राग नव्हता आवाजात. गॅरेजच्या दाराकडे बघत बोलत होतास. माझ्या आजोळी अशीच एक विहीर होती आणि ओतणारे आमचे होते, हे मला तुला सांगायचं होतं. त्या दिवशी नाही जमलं, मग पुढच्या वेळी, मग कधीच नाही. बहुतेक तुला ते माहीत होतं.

तेव्हापासून तुला आज्याच्या नावाची सेझॉन करायची होती. इंडियन शॉपमधून ज्वारी आणायचास, भरडायचास, शिजवून घालायचास. आज्यानं जन्मभर दुसऱ्याची ज्वारी कापली, निदान नातवाच्या बिअरमध्ये तरी स्वतःची पडू दे, म्हणायचास. पहिली खेप खळीसारखी झाली. दुसरीला जुन्या मोज्यांचा वास होता, आणि मी चक्क वीस गुण दिले तेव्हा तू मला मिठीच मारलीस. असे चार-पाच प्रयत्न झाले. मग लॉकडाउन लागला. पब बंद, पोर्ट केम्बलाजवळच्या ग्लेनच्या छोट्या ब्रुअरीतली एक टाकी रिकामी पडली. ग्लेन म्हणाला, तुझी रेसिपी इथे कर, चांगली निघाली तर ब्रुअरीच्या नावाने कॅनमध्ये भरू, वर ‘आजा’ लिहू. तू मला फोन केलास तेव्हा तुला धड बोलता येत नव्हतं. एक्कावन्न वर्षांचा माणूस, आणि आवाज शाळेतल्या पोराचा.

टाकीतून दोन बाटल्या भरून मला पोस्टाने पाठवल्यास. वॉलॉंगॉंग-वेस्टमीड प्रवास बंद होता, पार्सल चालू होतं. सोबत शुभांगीची शेंगदाण्याची चटणी. आणि चिठ्ठी: "ग्लेनला सेझॉन कळत नाही. मला आता कशातलंच काही कळत नाही, रोज चाखून जीभ मेली. तू सांगशील तसं. खरं सांग."

पहिली बाटली उघडली. ग्लासात ओतली, वर पांढरा फेस छान उभा राहिला. नाक खुपसलं. हिंगाच्या डबीसारखंच, काही नाही. घोट घेतला. जिभेला थोडं आंबट, थोडं कडू, बुडबुडे टोचले, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुसरी उघडली, की एका रात्रीत नाक परत आलं असेल. नव्हतं आलं. दोन्ही बाटल्या मी संपवल्या, मिलिंद. एखादी ठेवावी, नाक आल्यावर उघडावी, एवढी साधी अक्कल मला सुचली नाही. परीक्षक म्हणून एवढी वर्षं मिरवले, आणि चाखायची वस्तू हातात असताना घाबरून पिऊन टाकली.

मग कागद भरला. वासाचे बारापैकी आठ: मिरी, थोडी संत्र्याची साल, मागे वाळलेलं गवत. चवीचे वीसपैकी बारा: ज्वारीमुळे मध्यावर किंचित पातळ वाटते. तोंडाला कशी लागते त्याचे पाचपैकी तीन, एकूण मताचे दहापैकी सहा. हे सगळं सेझॉनबद्दल पुस्तकात असतं तसं लिहिलं. तू जे मला तळहातावर चुरडून शिकवलंस, तेच तुला परत विकलं. फक्त दिसण्याचे तीन गुण खरे होते. बेरीज बत्तीस झाली. फोटो काढून तुला पाठवला आणि खरं सांगते, हायसं वाटलं. म्हटलं, बत्तीसनं कोणाचं काय बिघडतं.

तुझा फोन आला. 

"बत्तीस?"

"स्टाइलला धरून आहे रे. चांगली आहे."

"म्हणजे बत्तीसलक्षणी झाली म्हणायची." हसलास, पण जिवावर आल्यासारखा. "ज्वारी पातळ करते का? मला उलट वाटत होतं. मला वाटलं, या खेपेला ज्वारीनंच अंग धरलंय."

इथे सांगायचं होतं. तू मला वाट करून दिली होतीस. मी म्हटलं, "थोडीशी पातळ. मला तरी तसं वाटलं."

"नाही, तू म्हणतेस म्हणजे असणार. तुझं नाक आहे." मग काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. "ग्लेनला टाकी लागणार आहे. त्याला सांगतो, ओतून टाकू."

"अरे, ओतून काय टाकतोस? दोन आठवडे ठेव ना."

"काहून ठेवू? बत्तीसाची बिअर जगात पुष्कळ आहे. आज्याचं नाव बत्तीसावर नाही टाकत मी."

मी आग्रह धरला नाही. आग्रह धरला असता तर कारण सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी तू स्वतः टाकीची तोटी उघडलीस. ग्लेनने मला तू गेल्यावर फोनवर सांगितलं, "ही पुल्ड द व्हॉल्व्ह हिमसेल्फ, मेट, अँड ही स्टूड देअर टिल इट वॉज एम्टी." मी विचारलं, तुला कशी लागली होती? तो म्हणाला, "आय रेकन्ड इट वॉज अ बिट स्पेशल. बट व्हॉट वुड आय नो, आयम अ लागर ब्लोक." साधी लागर बिअर पिणारा माणूस तो. मी ‘थँक्स’ म्हणून फोन ठेवायला गेले, तर तो मला धीर द्यायला लागला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी तुला मेसेज केला होता: एक सांगायचंय, भेटल्यावर सांगते. तुझं उत्तर लगेच आलं: बोल ना आत्ता. मी लिहिलं: नाही, समोरासमोर. लॉकडाउन उघडला की येते, शुभांगीला सांग मटण करायला. तू अंगठा पाठवलास. तो अंगठा माझ्या फोनवर अजून शेवटचा आहे. मी त्याच्याखाली काही लिहीत नाही.

त्या रविवारी सकाळी तू गॅरेजमध्ये पिंपं धूत होतास. शुभांगीला पाण्याचा आवाज बराच वेळ एकसारखा येत राहिला. ती बघायला गेली तर तू पाइप हातात धरूनच आडवा. हार्ट. कोविड नव्हे, म्हणून लोक मला सांगतात की, निदान कोविड तरी नव्हता. या वाक्याने काय साधतं मला माहीत नाही.

अंत्यविधीला दहाच माणसं, आम्ही बाकीचे लॅपटॉपसमोर. भंतेजींनी पंचशील दिलं, घराघरांतून लोक मागे म्हणत होते, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी येत होता. मलाही इतक्या वर्षांत पाठ झालंय, तुमच्या कार्यक्रमांना येऊन येऊन. पाचवं आलं, मद्याचं, तेव्हा तुझी लेक आर्या मान खाली घालून हसली आणि तशीच रडायला लागली. तू दर वेळी तिच्या कानात म्हणायचास ना, चार पाळतो, पाचव्याचं बघू. "ही ऑलवेज सेड फोर आउट ऑफ फाइव्ह इज अ पास," ती नंतर बोलताना म्हणाली. लोक डोळे पुसत हसले. मी त्याच्या आधीच गप्प झाले होते. चौथं शील खोटं न बोलण्याचं असतं. तू पाचवं उघड मोडलंस आणि घरी येईल त्याला प्यायला दिलंस. मी चौथं मोडलं आणि कागदावर सही करून पाठवलं.

लोक म्हणतात, स्वतःला एवढा त्रास करून घेऊ नका, एका बिअरची ती काय गोष्ट. त्यांना मी पूर्ण सांगितलेलंच नाही, म्हणून ते तसं म्हणतात. तुझी ती एका बिअरची गोष्ट नव्हती. तुझ्या आज्याच्या नावाचं तू जगात एकच काही केलंस, ते जमलं की नाही हे मला विचारलंस, आणि मी तुला पुस्तकातलं उत्तर दिलं. कदाचित ती खरंच बत्तीसाचीच असेल. कदाचित वीसाची असेल, तर मी तुझी लाज राखली म्हणायची. आणि कदाचित चव्वेचाळीसची असेल. हा हिशेब मी रोज करते. बिअर गटारात गेली, तू गेलास, आणि मला आता कॉफीला जळक्या रबराचा वास येतो, बाकी कशाला काहीच नाही. ईएनटीवाली म्हणते, कधीकधी वेळ लागतो.

लॉकडाउन उघडला तशी मी ट्रेनने आले. मटण नव्हतं. शुभांगी बारीक झालीये. तुझ्या पिंपांपैकी काही क्लबवाले घेऊन गेले, बाकी तिने भिंतीशी ओळीने लावून ठेवलीत. सांगायचं हे पक्कं ठरवून आले होते. येताना खिडकीबाहेर समुद्र होता आणि मी वाक्यं जुळवत होते. स्वयंपाकघरात बसलो. मी तोंड उघडणार तर तिनेच विचारलं.

"वसू, एक विचारू? तो मला म्हणाला होता की या वेळी जमली. रात्री झोपेतून उठून म्हणाला, शुभे, जमली गं. मग तुझा कागद आला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ओतली. घरी आल्यावर जेवला नाही, बोलला नाही. त्यानंतर तो आधीसारखा नव्हताच." ती टेबलावरची साखर बोटाने गोळा करत होती. "तू खरं सांग. ती खरंच तेवढ्याचीच होती ना? की त्यानं उगाच ओतली?"

तिचा चेहरा मी बघितला. तिला गुण नको होते, मिलिंद. ते शेवटचे दहा दिवस तू फुकट झिजला नाहीस, एवढंच तिला कोणाकडून तरी ऐकायचं होतं, आणि ते सांगू शकणारी मी एकटीच होते. खरं सांगितलं असतं तर माझ्या उरावरचं ओझं उतरलं असतं आणि तिच्या उरावर चढलं असतं. हे सगळं मला तेव्हा सुचलं की नंतर मी स्वतःला समजवायला रचलं, तेही नक्की सांगता येत नाही. मी म्हटलं, "हो गं. तेवढ्याचीच होती. ओतली ते बरोबर केलं त्यानं."

तिने मोठा श्वास सोडला. "बरं झालं सांगितलंस," म्हणाली. "मला फार लागून राहिलं होतं." मग उठून तिने चहा टाकला, आलं किसलं, मला मोठा कप दिला आणि स्वतः समोर बसली.

"आलं जास्त झालं का गं?"

"नाही," मी म्हटलं, "बेताचं आहे."